बंद पडलेली स्कूटर चालू करताना

आपल्या परभणी जिल्ह्यात कोणत्याही गावी जा. एखाद्या गोठ्यात, नाहीतर ओसरीच्या कोपऱ्यात, एक जुनी स्कूटर उभी दिसते. तिच्यावर कडबा ठेवलेला असतो. सीटवर कोंबडी बसते. विचारले, तर घरधनी म्हणतो, "इंजिन गेलं. आता भंगारात घालायची."

पण खरेच इंजिन गेलेले असते का? पुष्कळ वेळा नाही. दोष असतो टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये. आपण पैसे घालतो इंजिनावर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे होते. म्हणून दोष कोठे आहे, हे आधी समजून घेऊ.

ही स्कूटर बहुधा चेतक असते. बजाज कंपनीने १९७२ साली ती काढली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिले. त्या काळी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहावी लागे. लग्नाच्या बोलीत स्कूटर मागण्याची वाईट चालही पडली होती. पुढे पेट्रोलवरची चेतक निघायची बंद झाली. २०२० साली त्याच नावाची, पण विजेवर चालणारी स्कूटर आली. जुन्या गाड्या मात्र घरोघर राहिल्या.

इंजिन कशावर चालते?

चूल पेटायला तीन गोष्टी लागतात. जळण, वारा आणि काडी. इंजिनालाही तीनच लागतात. पेट्रोल हे जळण. बाहेरची हवा हा वारा. प्लगची ठिणगी ही काडी.

आता पेट्रोलची वाट बघा. विहिरीतून पाणी पाटात येते, पाटातून वाफ्यात जाते. तसे टाकीतले पेट्रोल कॉकमधून नळीत येते. नळीतून कार्बोरेटरमध्ये जाते. तेथे ते हवेत मिसळते आणि इंजिनात शिरते. पाट बुजला तर वाफा कोरडा राहतो. त्यात विहिरीचा काय दोष?

गाडी उभी राहिली की पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो, मग तर लवकरच उडतो. मागे डिंकासारखा चिकट गाळ राहतो. कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळी तुकडा असतो. त्याचे भोक सुईच्या टोकाएवढे. गाळाने ते बुजते.

आणखी एक गोष्ट आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये १०० भागांत २० भागांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून, मक्यापासून करतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. जुन्या गाडीची रबरी नळीही त्याने फुगते, चिरते.

आधी जीव, मग गाडी

पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते. जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या चुलीपर्यंत पोचते. म्हणून हे काम दिवसा, उघड्यावर करा. जवळ चूल, बिडी, उदबत्ती काही नको. मुलांना लांब ठेवा. बादलीभर वाळू जवळ ठेवा. पेट्रोल पेटले तर पाणी टाकू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. ते फुप्फुसात शिरले तर माणूस दगावू शकतो. कोणी गिळलेच तर उलटी करवू नका. १०८ नंबरला फोन करा, किंवा तडक दवाखान्यात न्या.

रिकामी टाकी निर्धोक, असे समजू नका. ती वाफेने भरलेली असते. अशा टाकीला गावात वेल्डिंग करू नका. ठिणगी पडताच ती बॉम्बसारखी फुटते.

काम कसे करावे?

एक. जुने पेट्रोल नळीवाटे लोखंडी डब्यात उतरवा. ते विहिरीत, नाल्यात ओतू नका. झाकण लावून मिस्त्रीकडे द्या. मग सीट काढून टाकी उतरवा आणि लांब नेऊन ठेवा.

दोन. इंजिन फिरते का, ते बघा. प्लग काढा. त्या भोकात दोन चमचे ऑईल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी किक हाताने हळू दाबा. पिस्टन हलला तर बरे. न हलला तर किकवर उभे राहून उड्या मारू नका. पुन्हा ऑईल सोडा आणि एक दिवस थांबा. जोर केला की धड असलेला भागही मोडतो.

तीन. ठिणगी बघा. हे पेट्रोल भरण्याआधीच करायचे. प्लगवरची काजळी पुसा. तो टोपीत बसवून इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. भोकापासून दूर असू द्या. हातात धरू नका, झटका बसतो. कोणाला किक मारायला सांगा. निळी ठिणगी पडली तर काडी शाबूत आहे. न पडली तर नवा प्लग घालून बघा.

चार. टाकी साबणाच्या पाण्याने तीन-चार वेळा खळबळून धुवा. गंज असेल तर २० लहान नट मोजून आत टाका आणि टाकी हलवा. मग मोजून २० बाहेर काढा. नंतर किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा. गंज सुटतो. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच उन्हात वाळवा. ओली ठेवली तर पुन्हा गंज धरते. वाळल्यावर आत थोडे ऑईल फिरवा. कॉकची जाळी साफ करा. रबरी नळी नवीच घाला.

पाच. कार्बोरेटर खोला. कोणता तुकडा कोठून निघाला, ते कागदावर लिहा. लिहायला शिकलो ते अशाच कामासाठी! जेट ताज्या पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा आणि पंपाच्या हवेने साफ करा. भोकात तार घालू नका. पितळ मऊ असते. भोक मोठे झाले की गाडी पेट्रोल जास्त खाते.

सहा. सगळे जोडा. गळत नाही ना, ते बघा. मगच किक मारा. पहिल्याने पांढरा धूर येईल. तो आपण सोडलेल्या ऑईलचा असतो. थोड्या वेळाने कमी होतो.

खरे इंजिन कशाने जाते?

जुन्या चेतकच्या पिस्टनला ऑईलची वेगळी सोय नसते. पेट्रोलबरोबरच ऑईल आत जाते. म्हणून १ लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर टू-टी ऑईल मिसळायचे. ५ लिटरला १०० मिलिलिटर. हल्लीच्या पोरांना हे ठाऊक नसते. ते नुसते पेट्रोल भरून गाडी पळवतात. मग पिस्टन तापतो, घासतो आणि जाम होतो. तेव्हा मात्र इंजिन खरोखर जाते.

थांबावे कोठे?

दोन-तीन दिवसांनीही पिस्टन हलला नाही, ठिणगी पडली नाही, किंवा पांढरा धूर थांबला नाही, तर गाडी मिस्त्रीकडे न्या. पण आपण काय काय केले, ते त्याला सांगा. मग तो उगाच सगळे इंजिन खोलणार नाही. आपले पैसे वाचतील.

गाडी चालू झाली म्हणून लगेच रस्त्यावर आणू नका. ब्रेक आणि टायर बघा. नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयात तपासणी करून ती वाढवावी लागते. विमा आणि धुराचा दाखलाही हवा. बिनविम्याच्या गाडीने कोणाला धक्का लागला, तर भरपाईपायी शेत विकायची पाळी येते.

गाडी पुन्हा उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. एवढे केले तर पुढच्या वेळी ही सारी खटपट करावी लागणार नाही.

आता सांगा

१. रिकामी टाकी धोक्याची का?
२. जेटच्या भोकात तार का घालू नये?
३. ३ लिटर पेट्रोलात किती मिलिलिटर ऑईल घालाल?