खाल्ल्या मिठाला जागणारी मूत्रपिंडे

उल्हासनगरात एखाद्या सिंधी घरी जा, बसताक्षणी पुढे येतात पापड आणि पाणी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित उतरले आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले; ही रीत त्यांच्यासोबत आली. शेजारच्या अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी घरांत वरणभाताशेजारी लोणचे नि सांडगी मिरची असतेच. पाने वेगळी, मीठ मात्र तेच! या मिठाचा हिशेब ठेवतो कोण?

तो ठेवतात आपली मुठीएवढी दोन मूत्रपिंडे. दिवसाकाठी ती रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले सोडियम मिठात मोजले तर भरते जवळजवळ दीड किलो! त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक ती रक्ताला परत करतात. बरीचशी वसुली मूत्रनलिकेच्या सुरुवातीलाच होते. अखेरच्या थोड्या सोडियमचा निकाल मात्र नलिकेच्या शेवटच्या भागात लागतो.

तिथल्या अस्तराच्या पेशींच्या आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. पेशीच्या मागच्या बाजूचा पंप सोडियम सतत रक्ताकडे ढकलतो. आत सोडियम कमी पडले की नलिकेतले या दारांतून आपोआप आत शिरते. दारे किती ठेवायची, हे मुख्यतः अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक ठरवते. मे महिन्यात बदलापूरहून लोकलने उभ्याने जाताना घामावाटे मीठ जाते. मग अल्डोस्टेरॉन वाढते, काही तासांत दारेही वाढतात आणि मीठ वाचते. मीठ भरपूर खाल्ले की उलट घडते.

दारे कमी झालीच नाहीत तर? अमेरिकेतील डॉक्टर ग्रँट लिडल यांनी १९६३ साली अशा एका कुटुंबाचे वर्णन केले. रक्तदाब चढलेला, पण अल्डोस्टेरॉन कमी! १९९४ साली उलगडा झाला: दोष याच दाराच्या जनुकात होता. जुनी दारे काढून घेण्याची खूणच हरवली होती. सोडियम साठले, त्यामागोमाग पाणी साठले आणि रक्तदाब चढला.

हा आजार विरळा. पण वाढलेला रक्तदाब घरोघरी आहे. तो बहुधा दुखत नाही. म्हणून तर आजोबा म्हणतात, "मला काही होत नाही, गोळी कशाला?" गोळी मनाने बंद करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम लहान चमचाभर मीठ खावे. त्यात लोणचे-पापडातले मीठही आले. 'कमी सोडियमच्या' मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा अमिलोराइड, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

पाहुण्याला पापड जरूर द्यावा. फक्त दुसरा घेण्याचा आग्रह, विशेषतः आजोबांना, करू नये.