कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा बदलतोय, हिशेब समजून घ्या

दहावी-बारावीनंतर हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून कामाला लागलेली मुलं आपल्या बहुतेक मोहल्ल्यांत सापडतील. कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काम शिकलं, कुणी घराजवळच दुकान टाकलं. आता काम आहे, पण पैसा सुटत नाही, अशी तक्रार ऐकू येते. त्यांची मेहनत कमी पडलेली नाही, धंद्याचं गणितच बदललंय.

जुना हिशेब

पूर्वी मशीन बिघडलं की फोन जायचा. माणूस यायचा, व्हिजिटचे पैसे घ्यायचा, पार्टवर थोडा नफा ठेवायचा. म्हणजे गिऱ्हाइकाचं काम बंद पडलं तरच याची कमाई. मोठी ऑफिसं वर्षाची एएमसी करायची. तिथे रक्कम आधीच ठरलेली, त्यामुळे जितक्या फेऱ्या जास्त तितका नफा कमी.

नवा हिशेब

आता ‘मॅनेज्ड सर्व्हिस’ आली आहे. दर मशीनमागे किंवा दर कर्मचाऱ्यामागे महिन्याची फी ठरते. कंपनी आपल्या ऑफिसात बसूनच सॉफ्टवेअरने मशीनवर नजर ठेवते, अपडेट टाकते, बॅकअप तपासते. धरून चला, ४० मशीनचं ऑफिस आहे आणि मशीनमागे ५०० रुपये फी आहे. महिन्याला २०,००० रुपये झाले. महिन्यात दोनच फेऱ्या लागल्या तर चांगला नफा. रोज माणूस पाठवावा लागला तर सगळं त्याच्या पगारातच संपलं. म्हणजे आता काही बिघडलं नाही, तरच कमाई.

मग अडचण कुठे आहे?

पहिली गोष्ट, माल विकण्यातला नफा आटला. ईमेल आणि फाइली क्लाउडवर गेल्या, त्यामुळे लहान ऑफिसं स्वतःचा सर्व्हर क्वचितच घेतात.

दुसरी गोष्ट, अटी वरच्या कंपन्या ठरवतात. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये व्यावसायिक लायसन्सचे नियम बदलले. वर्षाचा करार केला तर दर कमी. दर महिन्याला सोडायची मोकळीक हवी असेल तर सुमारे २० टक्के जास्त. समजा, गिऱ्हाइकाने वर्षासाठी २५ लायसन्स घेतले आणि चार महिन्यांनी १० माणसं कमी केली. त्या १० लायसन्सचे उरलेल्या ८ महिन्यांचे पैसे तरीही भरावेच लागतात. गिऱ्हाइकाशी तसं लिहून घेतलं नसेल, तर भुर्दंड सेवा देणाऱ्यावर. व्हीएमवेअरचंही तसंच झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात एकदा घेऊन कायम वापरायची लायसन्सं विकणं बंद केलं. आता भाडंच भरायचं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जोखीम. ज्याच्याकडे पन्नास ऑफिसांच्या चाव्या आहेत, चोर त्यालाच गाठणार. जुलै २०२१ मध्ये कसेया कंपनीच्या देखरेख सॉफ्टवेअरमधून खंडणीखोर व्हायरस पसरला आणि सुमारे १,५०० व्यवसायांना फटका बसला. स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीच्या गल्ल्यावरची यंत्रं अडकली आणि शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली.

आपल्याकडेही जबाबदारी वाढली आहे. सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काम बाहेरच्या कंपनीला दिलं तरी लोकांची माहिती गोळा करणाऱ्या संस्थेची जबाबदारी संपत नाही. शाळा, दवाखाना, ट्रस्ट चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आपण काय करायचं?

सेवा घेणाऱ्यांनी फक्त फी किती एवढंच विचारू नये. बॅकअप कुठे ठेवता आणि तो परत चालू करून शेवटचा कधी पाहिला? रात्री हल्ला झाला तर फोन कोण उचलणार? करार मोडला तर आमचे पासवर्ड आणि डेटा किती दिवसांत हातात देणार? ही उत्तरं करारात लिहून घ्या. सगळ्यात स्वस्त फी सांगणारा नेमकी हीच कामं गाळत नाही ना, हेही पाहा.

या धंद्यातल्या आपल्या मुलांनी स्क्रू-ड्रायव्हर टाकून द्यावा असं मुळीच नाही. पण त्याच्या जोडीला क्लाउड, बॅकअप आणि सुरक्षेचं काम शिकावं. करार वाचायला शिकावं, दोन ओळींचा स्वच्छ ईमेल लिहायला शिकावं. चार-पाच लहान गिऱ्हाइकांपासून महिन्याच्या फीवर सुरुवात करता येते. मात्र फीमध्ये काय येतं आणि काय येत नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर असू द्या. ओळखीपाळखीत ‘बघून घेऊ’ म्हणून सुरू केलेल्या कामात शेवटी पैसाही बुडतो आणि नातंही.