फळाचा आकार, फळाचीच चव : वसईच्या उन्हाळी कुकीचा विचार

उन्हाळा हा वसई-विरारमध्ये माणसे जमण्याचा ऋतू. ईस्टर, चैत्रगौरीचे हळदीकुंकू, लग्नसराई, मुंजी आणि शाळांना सुट्टी लागली की येणारे पाहुणे अशी रांगच लागते. या मेळाव्यांच्या ताटांत आता फळांच्या आकाराच्या रंगीत बटर कुकीही दिसू लागल्या आहेत. कलिंगडाची फोड, पिवळे लिंबू, लाल स्ट्रॉबेरी असे त्यांचे रूप असते. कोणी त्यांना परदेशी खूळ म्हणून झिडकारतो, तर कोणी मुलांना आवडतात म्हणून डोळे मिटून मागवतो. माझे म्हणणे वेगळे आहे. फळाच्या आकाराचा गोड पदार्थ या भूमीत जुना आहे; उसना आहे तो बाटलीतला रंग आणि बाटलीतला इसेन्स. फळातले पाणी काढून त्याचा स्वाद टिकवण्याची कला या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. म्हणून इथली कुकी फळासारखी दिसून थांबू नये, ती खरोखर फळाची असावी.

आधी इतिहास पाहू. डिसेंबर 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या ख्रिस्ती घरांत ज्या पाककृती रुजल्या, त्यांत बदाम-साखरेच्या लगद्याचे मार्झिपान ठळक आहे. दक्षिण पोर्तुगालच्या अल्गार्व प्रांतात त्याची रंगवलेली चिमुकली फळे आजही बनतात. सिसिलीतील पालेर्मोची ‘फ्रुत्ता मार्तोराना’ ही याच कुळातली, मठातल्या जोगिणींच्या नावाशी जोडलेली मिठाई. उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांनी बदामाच्या जागी काजू घेतला. हा काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला. नाताळ आणि ईस्टरला काजूच्या लगद्याची फळे, फुले आणि अंडी साच्यांतून काढून रंगवण्याची रीत त्यातून घडली. ईस्टर चाळीस दिवसांच्या उपवासकाळानंतर, मार्च-एप्रिलमध्ये येतो. म्हणजे रंगीत फळाच्या आकाराची मिठाई इथे उन्हाळ्याच्या तोंडावरही पानात येत होती.

ही गोष्ट एकाच समाजापुरती राहिली नाही. मराठी लग्नांतल्या रुखवतात फळांच्या आकाराची मिठाई मांडण्याची हौस सर्वांना ठाऊक आहे, आणि मिठाईच्या दुकानांत काजूचे कलिंगड, काजूचे अंजीर, काजूचे सीताफळ रांगेने मांडलेले असते. मग आक्षेप उरतो तो ओव्हनचा, की भाजलेले बिस्कीट आपले नव्हे. पण मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीआधी रवा, मैदा, साखर आणि तूप घेऊन जवळच्या बेकरीत जाणे आणि नानकटाईचे पत्रे भाजून आणणे ही महाराष्ट्रातल्या गावोगावची सवय होती. त्या नानकटाईचे मूळही सुरतेच्या डच वखारीतल्या बेकरीपर्यंत नेले जाते. बटर कुकी तिची जवळची बहीण आहे. मैदा, साखर आणि भरपूर स्निग्धांश हाच दोघींचा पाया.

आता घडणीकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. या कुकीचे जुने प्रमाण वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी आणि तीन भाग मैदा असे आहे. लोणी मैद्याच्या कणांना वेढते, त्यामुळे पाण्याशी संयोग होऊन ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होत नाही आणि कुकी तोंडात विरघळते. पण बाजारच्या बटरमध्येही सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि घरच्या लोण्यात त्याहून जास्त. त्यात आंब्याचा रस किंवा केळ्याचा गर घातला की पाणी वाढते, जाळे तयार होते आणि कुकी कुरकुरीत होण्याऐवजी मऊ आणि चिवट होते. लोणी 32 ते 35 अंशांना वितळते आणि वसईचा मे महिना त्याच तापमानाचा, शिवाय दमट. म्हणून आकार टिकवण्यासाठी सोडा टाळायचा, साखर दळलेली घ्यायची आणि कापलेल्या कुकी फ्रीजमध्ये कडक करून मगच भाजायच्या. ओल्या फळाची ही अडचण टाळण्यासाठी बेकर इसेन्सकडे वळतो. त्याची अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर बाटलीत शोधण्याचे कारण नाही.

ते उत्तर वाळवणात आहे. वसईतल्या आगाशी आणि परिसरातली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होतात. त्यांतले बहुतेक पाणी गेलेले असते आणि साखर, सुवास एकवटलेला असतो. बारीक चिरून किंवा वाटून ती लोण्यात फेटली, तर केळ्याच्या आकाराच्या कुकीत केळेच उतरते. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचे वाळवलेले काप व भुकटी त्या पट्ट्यात तयार होतात. आंब्याचे साठ आणि फणसपोळी तर कोकणातल्या घराघरांतली. ही सारी फळे उन्हानेच कुकीसाठी तयार करून ठेवली आहेत.

रंगाबद्दल आक्षेप असा, की नैसर्गिक रंग भट्टीत टिकत नाहीत. तो अर्धा खरा आहे. बीटाचा लाल रंग उष्णतेने तपकिरी होतो आणि पालकाचा हिरवा मळकट पडतो. पण सगळे रंग सारखे नसतात. हळद उष्णता सोसते. सोडा घातला तरच लालसर होते, आणि इथे सोडा नाहीच. शेंद्रीच्या बियांचा केशरी रंग स्निग्धांशात विरघळतो, म्हणून तो लोण्याच्या कुकीला अगदी योग्य. बाजारच्या पिवळ्या बटरमध्येही पुष्कळदा तोच असतो. कोकम आणि पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाचा रंग आंबटपणात लाल-जांभळा राहतो. तो पिठात न घालता भाजून निवलेल्या कुकीवर दळलेल्या साखरेच्या लेपातून लावावा. बिनमिठाच्या कोकम सरबताचे दोन चमचे त्याला पुरतात. हिरव्यासाठीही हाच मार्ग. ओव्हन 150 ते 160 अंशांवर ठेवला, तर कडा करपत नाहीत आणि रंग दबत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे. कृत्रिम रंगांना परवानगी आहे, मग भीती कसली? भारतात आठ कृत्रिम खाद्यरंग मान्य आहेत. तेही ठरावीक पदार्थांत आणि साधारणपणे किलोला 100 मिलिग्रॅमपर्यंत. ब्रिटनमधल्या साउदॅम्पटन विद्यापीठाचा 2007 चा अभ्यास काही रंगांचे मिश्रण आणि सोडियम बेन्झोएट एकत्र देऊन केलेला होता. त्यात मुलांचा अतिचंचलपणा वाढलेला आढळला. त्यावरून एकेका रंगाला दोषी ठरवता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही युरोपीय संघाने 2010 पासून सहा रंग असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर इशारा सक्तीचा केला आणि त्यांतले चार रंग आपल्या मान्य यादीत आहेत. आपल्या यादीतलाच एरिथ्रोसिन हा लाल रंग अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये खाद्यपदार्थांसाठी रद्द केला. पण माझा मुख्य मुद्दा मोजमापाचा आहे. घरचा काटा ग्रॅम मोजतो. एका ग्रॅमच्या दहाव्या भागाची मर्यादा त्यावर पाळता येत नाही. भडक लाल रंग येईपर्यंत थेंब टाकत जाणे हीच घरची रीत, आणि कायद्याचे संरक्षण तिथेच संपते.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. लोणी आणि सुकेळी महाग, वनस्पती तूप आणि इसेन्स स्वस्त, हे खरे आहे. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, हा मोठा लाभ झाला. पण वनस्पतीची कुकी ‘बटर कुकी’ म्हणून विकणे प्रामाणिक नव्हे. वाढलेला खर्च आकार लहान करून भरून काढता येतो, कारण खऱ्या फळाची छोटी कुकी समाधान देते. आणि तो पैसा कुठे जातो हेही पाहावे. शहर वाढले तशा वसईच्या केळीच्या वाड्या आकसल्या. सुकेळीला गिऱ्हाईक वाढले, तर राजेळी लावणाऱ्याला ती लावत राहण्याचे एक कारण मिळेल.

म्हणून घरगुती बेकर, बचत गट आणि लग्नाच्या ऑर्डरी देणारी कुटुंबे यांना एक विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात सगळी टोपली बदलू नका. एका फळापासून, राजेळी केळ्यापासून सुरुवात करा. डब्यावर रंग कशाचा आणि चव कशाची हे लिहा. गिऱ्हाइकांनीही आकार पाहून खूश होण्याआधी हे दोन प्रश्न विचारावेत. ज्या कुकीला त्यांचे सरळ उत्तर देता येईल, तीच वसईची कुकी.