व्यवसायाचा सारीपाट

सापशिडीत सारे काही फाशावर अवलंबून असते. खेळाडूने विचार करण्याजोगे त्यात काहीच नाही. बुद्धिबळात याच्या अगदी उलट. तेथे फाशाला जागाच नाही. सारीपाटात मात्र दोन्ही आहेत. दान किती पडावे हे आपल्या हाती नसते. पण पडलेल्या दानावर कोणती सोंगटी चालवायची, हे आपणच ठरवायचे. दहावीनंतर व्यवसाय निवडणे हे या तिसऱ्या खेळासारखे आहे. मग तो आधी खेळून पाहता येईल का?

व्यवसाय मार्गदर्शनाचा पाया फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात घातला. स्वतःला ओळखा, कामे जाणून घ्या आणि दोहोंचा मेळ घाला, असे त्यांचे सांगणे. पुढे १९६०च्या दशकात सरेन बूकॉक यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 'लाइफ करिअर' नावाचा खेळ तयार केला. त्यात एका काल्पनिक व्यक्तीचे आयुष्य खेळाडूंनी चालवायचे. एक फेरी म्हणजे एक वर्ष. शिक्षण, नोकरी, घर आणि करमणूक यांत वेळ वाटायचा. फळ काय मिळाले, हे जनगणनेसारख्या खऱ्या आकडेवारीवरून बनविलेली कोष्टके ठरवीत.

असा खेळ तुम्हीही करू शकाल. समजा, तुमच्या पत्त्यावरील मुलीने आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा २ वर्षांचा अभ्यासक्रम निवडला. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६ आणि संस्थेतील ४० वजा केले, की उरले ७२. घरकाम, प्रवास, सराव, खेळ हे सारे त्यातच बसवायचे. आता नियम ठरवा: सरावाला १५ किंवा अधिक तास दिले, तर लुडोच्या फाशावर १ ते ४ आल्यास ती उत्तीर्ण; कमी दिले, तर फक्त १ किंवा २ आल्यास. म्हणजे संभाव्यता दोन-तृतीयांश किंवा एक-तृतीयांश.

भरपूर सराव करणारे १२ गट असतील, तर सरासरीने ८ उत्तीर्ण होतील आणि ४ अडखळतील. त्या चौघांचा निर्णय चुकीचा होता का? नाही. चांगला निर्णय दान बदलत नाही; अनुकूल दानांची संख्या वाढवितो.

पण हे आकडे आपण मानलेले आहेत. खरे कोठून आणायचे? त्यासाठी वीजतंत्री, परिचारिका, संधाता म्हणजे वेल्डर, अशा माणसांना भेटा. काम किती वाजता सुरू होते? पहिल्या वर्षी मिळकत किती होती? अंग कशाने दुखते? कोणते काम आवडते? एखाद्या रविवारी परवानगी घेऊन कामाजवळ उभे राहून पाहा. मग पत्ते भरा, मित्रांना खेळू द्या, ते कोठे अडतात ते टिपा आणि नियम बदला. माणसांना विचारणे, कच्चा नमुना करणे, तपासणे, सुधारणे, यालाच 'डिझाइन थिंकिंग' म्हणतात.

शिक्षकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. 'वेल्डिंग मुलींचे काम नव्हे' असे ऐकून कोणी मुलीच्या पत्त्यावर अनुकूल दाने कमी लिहिली, तर खेळ तिला अधिक वेळा हरवील आणि वर्गाला ते सिद्ध झाल्यासारखे वाटेल! कोणतेही प्रतिरूप आपण त्यात घातलेलेच परत देते. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तो कोणाला विचारून लिहिला, हे नोंदवायला सांगा. ज्याच्यापुढे काहीच नोंद नाही, तो पत्ता डावातून काढून ठेवा आणि चौकशी करून आल्यावरच परत घाला.