क्रीडासाखळीचा संकोच
क्रीडासाखळीचा संकोच : व्यावसायिक खेळांच्या साखळी स्पर्धेतील संघांची संख्या कमी होण्याची वा करण्याची क्रिया. दिवाळखोरीमुळे संघ बंद पडणे, करारभंगामुळे त्याची मान्यता रद्द होणे अथवा साखळीच्या चालकांनी मोबदला देऊन तो विसर्जित करणे, अशा तीन मार्गांनी हा संकोच घडून येतो. संघ दुसऱ्या गावी हलविणे किंवा त्याची मालकी बदलणे यांचा समावेश संकोचात होत नाही.

सामान्य उद्योगधंद्यातील कपात आणि हा संकोच यांत मूलभूत भेद आहे. इचलकरंजी येथे १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू झाला व पुढे ते यंत्रमागाच्या कापडाचे मोठे केंद्र बनले. तेथील एखाद्या कारखानदाराने माग बंद केले, तर शेजाऱ्याच्या विणकामात खंड पडत नाही. उलट बंद पडलेल्याचे गिऱ्हाईक त्याला मिळण्याचा संभव असतो. क्रीडासंघाची विक्रेय वस्तू म्हणजे सामना. तो एकट्याला निर्माण करता येत नाही. प्रतिस्पर्धी येथे सहउत्पादकही असतो. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये व्यावसायिक क्रीडेचे हे वेगळेपण विशद केले.

उत्पन्नाची विभागणी : प्रक्षेपणहक्कांचे सामाईक उत्पन्न कमी संघांत वाटले गेल्यास प्रत्येकाचा वाटा वाढतो, हा संकोचाच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद होय. उत्पन्न ठोक रकमेने ठरले असेल, तरच तो पूर्णतः लागू पडतो. प्रत्येक संघ इतरांशी दोनदा खेळत असल्यास १० संघांचे ९० व ८ संघांचे ५६ सामने होतात. म्हणजे संघ २० टक्क्यांनी, तर सामने सुमारे ३८ टक्क्यांनी घटतात. उत्पन्न सामन्यांच्या संख्येवर अवलंबून असल्यास प्रत्येक संघाच्या वाट्याला पूर्वी ९ सामन्यांचे, तर आता ७ सामन्यांचेच उत्पन्न येते. फेऱ्या वाढविल्यास ही तूट भरून निघते. मात्र त्याच त्या लढतींना प्रेक्षक किती येतील, हा प्रश्न उरतो. उत्तम खेळाडू थोड्या संघांत एकवटून खेळाचा दर्जा उंचावणे हा दुसरा लाभ होय. त्याची किंमत काम गमावणारे खेळाडू चुकवितात.

बास्केटबॉल : अमेरिकेत १९४९ मध्ये दोन साखळ्यांच्या विलीनीकरणातून १७ संघांची राष्ट्रीय बास्केटबॉल साखळी निर्माण झाली. शेबॉयगन, वॉटर्लू यांसारख्या लहान गावांचे संघ पहिल्याच हंगामानंतर बाहेर पडले. १९५४ मध्ये बॉल्टिमोरचा संघ बंद पडून ८ संघ उरले. त्यांनी त्या हंगामात प्रत्येकी ७२ सामने खेळून वेळापत्रक भरून काढले. पुढे ही संख्या वाढून २००४ मध्ये ३० झाली. १९७६ मध्ये प्रतिस्पर्धी साखळीतील चारच संघांना प्रवेश मिळाला. वगळलेल्या सेंट लुईस संघाच्या मालकांनी त्या चार संघांच्या दूरचित्रवाणी-उत्पन्नातील सातवा हिस्सा कायमचा मिळविला. हा हक्क बव्हंशी संपविण्यासाठी २०१४ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलर मोजावे लागले. विसर्जनाचा खर्च दीर्घकाळ मागे राहतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

महाराष्ट्रातील अनुभव : भारतीय प्रीमियर लीग या क्रिकेट साखळीत २०११ मध्ये १० संघ होते. त्यांपैकी पुण्याचा संघ सहारा समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरच्या बोलीने घेतला होता. बँक हमी न दिल्याच्या कारणावरून कोचीच्या संघाची मान्यता सप्टेंबर २०११ मध्ये रद्द झाली. पुण्याची बँक हमी नियामक मंडळाने वटविल्यानंतर मे २०१३ मध्ये समूहाने माघार जाहीर केली व त्याच वर्षी त्या संघाचीही मान्यता संपुष्टात आली. २०११ मध्ये ७४ सामने झाले होते. २०१२ मध्ये संघ ९ झाले, तरी प्रत्येक संघ इतरांशी दोनदा खेळल्याने सामने ७६ झाले. २०१४ मध्ये ८ संघांचे ६० सामने झाले. पहिल्या कपातीची झीज वेळापत्रकाने भरून काढली. दुसरीची काढता आली नाही. कोचीच्या मालकांना ५०० कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्याचा निर्णय लवादाने २०१५ मध्ये दिला व मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२५ मध्ये कायम केला. पुण्याजवळील गहुंजे येथील नव्या मैदानाला दोनच हंगामांनंतर स्वतःचा संघ उरला नाही.

चेन्नई व राजस्थान यांचे संघ निलंबित झाले, तेव्हा मात्र ६ संघांवर स्पर्धा न चालविता २०१६ व २०१७ या दोन हंगामांसाठी पुणे व राजकोट येथे पर्यायी संघ उभारण्यात आले. पुण्याच्या मालकांनी सामाईक उत्पन्नाचा वाटा न घेता उलट मंडळालाच वर्षाला १६ कोटी रुपये देऊ केले. २०२१ मध्ये लखनौ व अहमदाबाद या संघांसाठी अनुक्रमे ७,०९० व ५,६२५ कोटी रुपयांच्या बोली लागल्या आणि २०२२ पासून संघ पुन्हा १० झाले.

मूल्यमापन : वगळलेल्या संघाचा वाचणारा वाटा हा भरपाई व घटलेल्या सामन्यांचे उत्पन्न यांच्या बेरजेपेक्षा अधिक असेल, तरच संकोच उरलेल्या मालकांना किफायतशीर ठरतो. रिकाम्या झालेल्या शहरांत प्रतिस्पर्धी साखळी उभी राहण्याचा धोकाही त्यांना पत्करावा लागतो. खेळाडू, मैदानावरील कामगार व गावचे प्रेक्षक यांचे नुकसान या हिशेबात धरले जात नाही. कारण निर्णय घेणाऱ्यांत त्यांना सहसा स्थान नसते.