न्याहारीच्या कवितेतून भूतकाळ

पाल्याने परकी भाषा घेतली तर ती पाठांतरानेच यायची का, असे पालक आम्हांस विचारतात. फ्रेंचच्या अध्यापनाचा इतिहास या प्रश्नावर बोलका आहे. गास्ताँ मोजे यांच्या १९५३ पासून निघालेल्या पाठ्यपुस्तकमालेत फ्रान्सच्या लेखकांचा खंड चौथा, म्हणजे शेवटचा. आधी पायऱ्या झिजवा, मग गाभाऱ्यात या! हा क्रम आम्हांस कधीच पटला नाही. १९६० च्या दशकात ध्वनिफिती व चित्रपट्ट्यांची पद्धती आली आणि साहित्य जवळजवळ वर्गाबाहेर गेले. पुढे संवादप्रधान पद्धतीने ते परत आणले. आता सेनेगलच्या मारियामा बा यांची १९७९ ची पत्ररूप कादंबरीही वर्गात वाचली जाते, हे विशेष.

नवशिक्यांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी एक कविता म्हणजे जाक प्रेव्हेर यांची सकाळच्या न्याहारीवरील कविता. ती १९४६ च्या ‘पारोल’ या संग्रहात आहे. एक पुरुष कपात कॉफी ओततो, दूध-साखर घालतो, सिगारेट ओढतो, रेनकोट चढवून पावसात निघून जातो. समोरच्या व्यक्तीशी तो चकार शब्द बोलत नाही. ती व्यक्ती रडते. शब्द सारे रोजचे, आणि क्रियापदे जवळजवळ सगळी ‘पासे काँपोझे’ या भूतकाळातील.

हा काळ दोन साहाय्यक क्रियापदांनी बनतो, ‘आव्वार’ आणि ‘एत्र’. मराठी मुलाला हा भेद अगदीच अनोळखी नाही. आपणही ‘त्याने कॉफी ओतली’ म्हणतो, पण ‘तो निघाला’. फ्रेंचमध्ये ‘निघणे’ एत्र घेते आणि कर्त्याचे लिंग दाखवते. ‘रडणे’ मात्र आव्वार घेते. तेथे कर्त्याचे लिंग उमटत नाही. म्हणून कवितेत रडणारी व्यक्ती पत्नी, आई की मुलगा, हे व्याकरणातून कळतच नाही. मराठीत उतरवताना मात्र ‘मी रडलो’ की ‘मी रडले’, हे ठरवावेच लागते. या एका क्रियापदावर वर्गात जो वाद रंगतो, तो रूपांचे तक्ते घोकून रंगणे नाही.

मग शिक्षक पुढचे काम देतात: तीच सकाळ, त्याच काळात, त्या पुरुषाच्या तोंडून लिहा. चुका पुष्कळ होतात, पण वही कोरी राहत नाही.