बॅटरी बसली म्हणून यंत्र फेकू नका

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण सुतारकाम, फिटिंग करून स्वाभिमानाने पोट भरतात. बिनवायरचे ड्रिल हे त्यांचे हत्यार. काही वर्षांत त्याची बॅटरी बसते आणि चांगले यंत्र भंगारात जाते. आम्ही म्हणतो, घाई करू नका. १८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत प्रत्येकी ३.६ व्होल्टचे ५ सेल सीरिजमध्ये असतात. मोठ्या बॅटरीत १०. जाणकार कारागीर ते बदलून देतो. मात्र सगळे सेल एकदम, एकाच प्रकारचे आणि ड्रिलला लागणारा जादा करंट देणारे घ्यावेत. सेलवर थेट सोल्डरिंग नको, उष्णतेने तो बिघडतो; निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच लावावी. आतले संरक्षक सर्किट काढू नये.

आणि जुने सेल? ते कचऱ्यात टाकू नका. निकेल-कॅडमियमच्या सेलमध्ये विषारी कॅडमियम असते. लिथियमचा सेल चेपला तर पेट घेऊ शकतो. तो कचरा उचलणारे हात बहुधा आपल्याच माय-बहिणींचे, बांधवांचे असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराकडे तसा आग्रह धरा. तथागतांनी सांगितलेल्या सम्यक आजीविकेत आपली भाकरी दुसऱ्याच्या जिवावर उठत नाही.